अकरा दिवसांचं कॉलेज

वसईजवळच्या निर्मळ गावात, आमच्या आळीत, बारावीचा निकाल लागला की चांगले मार्क पडलेली पोरं आधी चर्चमध्ये मेणबत्ती लावायची आणि मग आल्बिनाच्या ओट्यावर यायची. काठावर पास झालेली आधी ओट्यावर यायची, मेणबत्तीचं मग बघू. कॉलेजचा अर्ज भरायचा तो आल्बिना तुस्कानोनेच, हा आमच्याकडचा रिवाज. फादरांनी घालून दिलेला नाही, ग्रामपंचायतीचा ठराव नाही, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. एकदा ॲन्सेल्मच्या पोराने मोडला. घाईत आडनावाच्या रकान्यात गावाचं नाव लिहिलं आणि पहिल्या यादीत स्वतःचं नाव शोधत संध्याकाळपर्यंत रडकुंडीला आला.

मी तिचा शेजारी, प्लासिड. तिच्या नि माझ्या वाडीच्या मध्ये एक बुटकी भिंत आणि दोघांत मिळून एक बावखल, म्हणजे केळी-मोगऱ्याला पाणी देणारं तळं. मी दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, त्यामुळे माझा अर्ज भरायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. पण भिंतीला टेकून दुसऱ्यांचे मार्क ऐकायला मला फार आवडतं. एवढी करमणूक तर रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारातही होत नाही.

आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी लिहिली तर माणिकपूरच्या बिल्डिंगवाल्यांना दुभाषा लागेल, म्हणून इथे शाळेतली मराठी. शिवाय आल्बिना मला जे जे बोलली आहे ते मूळ शब्दांत लिहिलं तर छापणार कोण?

तर आल्बिना. माझ्याहून वर्षाने मोठी. उंच, काटक, चष्मा दोरीने गळ्यात. तिच्या बारावीच्या वर्षी आईने अंथरूण धरलं. मागे दोन धाकटे भाऊ, वाडी आणि तिचे वडील, थॉमसकाका. आई गेली, भाऊ वाढवले, त्यांची लग्नं लावली, वहिन्यांची बाळंतपणं काढली, आणि थॉमसकाकांना अठ्ठ्याण्णव साली पोचवून आली. स्वतःचं लग्न राहिलं. राहिलं म्हणजे तिने राहू दिलं. यावर माझा एक जुना विनोद होता. दिसली की विचारायचं, "काय आल्बिना, मिशीवाल्या सिस्टरची काही खबर?" तरुणपणी ती कॉन्व्हेंटमध्ये शिवणक्लासला जाते म्हणून निघायची आणि तिचा तो क्लास अचानक बंद पडला होता. त्या क्लासच्या सिस्टरला मिशा होत्या आणि ती सायकलवरून यायची, असं मी आळीत पसरवलं होतं. आल्बिना त्यावर कधी चिडली नाही, हसलीही नाही. मोगऱ्याच्या कळ्या खुडत राहायची.

अर्ज भरताना मात्र तिच्यासमोर कोणाची चेष्टा चालायची नाही.

"हात धुतलेस?"

"धुतले, मावशी."

"वाडीतून आलास ना? परत धू. केळीचा चीक लागला तर डाग मरेपर्यंत जात नाही. काय घालू, कॉमर्स?"

"कॉमर्स."

"का?"

"सगळे घेतात."

"सगळे विहिरीत… जाऊ दे. इथे सही कर. रेषेच्या वर, रेषेवर नाही."

पहिल्यांदा पेन्सिलीने, मग काळ्या शाईने, मग खोडरबराने पेन्सिल उडवायची. मोबदला एकच. प्रवेश मिळाला की कॉलेजचं माहितीपुस्तक तिला आणून द्यायचं. दुपारी जेवण झाल्यावर ती ते पुस्तक घेऊन बसायची. मी एकदा भिंतीवरून बघितलं, तर विषयांच्या यादीवरून बोट फिरवत ओठ हलवत होती, रोजरीचे मणी ओढावेत तशी.

कॉलेजात किती मुलं गेली, किती मुली गेल्या, याचे आकडे सरकार दरवर्षी काढतं म्हणे. त्यांनी आमच्या भिंतीवर एक माणूस बसवला असता तरी भागलं असतं. नव्वद साली ओट्यावर सहा अर्ज. सगळे मुलगे, सगळे कॉमर्स, सगळ्यांना बँकेत चिकटायचं होतं. चौऱ्याण्णवला बारा, त्यात चार मुली. अठ्ठ्याण्णवला एकवीस आणि मुली तेरा. मुलगे बारावी झाली की गल्फचा पासपोर्ट काढायला लागले होते. तोवर नालासोपाऱ्याला आणि माणिकपूरला रोज एक बिल्डिंग उगवत होती आणि प्रत्येक बिल्डिंगमधून दहा पोरं कॉलेजच्या रांगेत येत होती. कॉमर्सची यादी साठ टक्क्यांवरून पंच्याहत्तरवर गेली. दोन हजार साल उजाडल्यावर आयटी आणि बीएमएससारखे नवे कोर्स आले, आणि अर्ज भरायला पोरांबरोबर बापही यायला लागले.

आणि आर्ट्स? आर्ट्सचा एकही अर्ज ओट्यावर येईना. कोणी आर्ट्सला गेलं म्हटलं की लोक हळू आवाजात विचारायचे, "का हो, काय झालं? मार्क कमी पडले, की तब्येत बरी नव्हती?"

आता दोन हजार दोन सालच्या जूनची गोष्ट. आल्बिनाची चुलत पुतणी एलिना बारावी झाली. तिच्याबरोबर आल्बिना कॉलेजला गेली. वसईतलं आमचं जुनं कॉलेज, आळीतली पोरं जातात तेच. कॉमर्सची रांग गेटाबाहेर, पार रिक्षा स्टँडपर्यंत. आर्ट्सच्या खिडकीवर पाटी: 'प्रथम वर्ष कला. जागा शिल्लक. प्रवेशास शुक्रवारपर्यंत मुदतवाढ.' खिडकीतली बाई पेपर वाचत होती. हे मला एलिनाने सांगितलं, कारण आल्बिना काही सांगत नाही. आल्बिनाने त्या बाईला विचारलं, "किती झाले?" बाई म्हणाली, "अठरा. वर्ग साठचा आहे. कोणी असेल तर पाठवा हो, नाहीतर पुढच्या वर्षी तुकडीच बंद करतील."

बुधवारी मी भिंतीवरून बघतो तर आल्बिना ओट्यावर अर्ज भरतेय आणि समोर पोर कोणीच नाही.

"कोणाचा गं?"

तिने अर्जावर चष्म्याची केस ठेवली. केस ती केवढी, त्याखाली अर्ज झाकतो होय!

"नवरदेवाचा अर्ज का? शिक्षण, उंची, रंग?"

"प्लासिड, तुझा स्कूटर उद्या रिकामा आहे?"

"माझा स्कूटर कधी रिकामा नसतो. का?"

"मला तहसील कचेरीत जायचंय. गॅप सर्टिफिकेट काढायला."

"कोणाच्या गॅपचं?"

"माझ्या," ती म्हणाली. "एकूणऐंशी ते दोन हजार दोन."

मी हसलो. इतका हसलो की भिंतीवरची वीट हलली. मग तिचं तोंड बघितलं आणि थांबलो. एक्केचाळीस वर्षांची बाई, आणि तोंड कसं, तर पहिली यादी लागायच्या आदल्या दिवशी पोरांचं असतं तसं. शुक्रवारी तीन वाजता खिडकी बंद होणार होती. पुढच्या वर्षी ती खिडकी असेल की नाही, हे त्या खिडकीतल्या बाईलाही माहीत नव्हतं.

ज्यांनी काढलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिक्षणात एक वर्ष जरी खंड पडला तरी आपल्याकडे कॉलेजला प्रतिज्ञापत्र लागतं. मधल्या काळात मी कुठे होतो, काय केलं, हे स्टँप पेपरवर लिहून द्यायचं. कचेरीच्या आवारात प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली टायपिस्ट बसतात. मजकूर त्यांना पाठ.

आमचा टायपिस्ट कागद सरकवतच म्हणाला, "मुलाचं नाव?"

"मुलगा नाही. माझंच."

त्याने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. "बरं. किती वर्षांचा खंड?"

"तेवीस."

"तेवीस महिने?"

"वर्षं."

"कारण बोला. आजारपण, घरगुती, आर्थिक. तिन्हीपैकी एक सांगा."

"एकच?"

"ओळ एकच आहे, बाई."

"घरगुती," आल्बिना म्हणाली. तो टाइप करत गेला आणि मोठ्याने वाचत गेला. "…सबब सदर कालावधीत मी शिक्षण घेऊ शकले नाही. सदर कालावधीत मी कोणत्याही गुन्ह्यात सामील नव्हते…"

"एक-दोन होते," मी म्हटलं. "हिने अर्ज भरून दिलेली पोरं वकील झालीत."

"…तसेच सदर कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता. सही करा."

आल्बिनाने पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

"ही ओळ काढा."

"ही काढता येत नाही. ही तर मुख्य."

"मग मी सही करणार नाही. खोटं आहे ते."

टायपिस्टला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. मलाही तेच वाटलं. मी तिला बाजूला घेतलं. "आल्बिना, खोटं काय त्यात? तू कधी घेतलास प्रवेश?"

"एकूणऐंशीच्या जूनला. एफवायबीए. रोल नंबर एकशे चौदा."

आळीत कोणाच्या घरी कुठला मासा शिजला हे मी वासावरून सांगतो, आणि मला हे माहीत नव्हतं. तेवीस वर्षं.

तिथेच, बाकड्यावर बसून, तिने सांगितलं. शाळेतल्या सिस्टरने प्रवेश घेऊन दिला होता. काकांना सांगायची हिंमत नव्हती. आई अंथरुणावर, भाऊ लहान. म्हणून शिवणक्लास म्हणून निघायचं, पुस्तकं फुलांच्या टोपलीत तळाला. वर्ग सकाळचा, बाराच्या आत घरी. अकरा दिवस गेली.

"आणि मग?"

"मग बाबांना कळलं."

"कसं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मला आठवलं. बावखलाच्या काठावर मी पाय सोडून बसलेलो, थॉमसकाका पाटाचं पाणी वळवत होते. मला टोपलीतलं पुस्तक दिसलेलं. आणि मी काकांना म्हटलेलं, "काका, शिवणक्लासला पुस्तकं लागतात होय? आणि तिच्या त्या सिस्टरला मिशी आहे का, बघून या एकदा." कोणी मुलगा असेल असं मला वाटलं होतं. म्हणजे तेवढंही नाही. विनोद सुचला म्हणून बोललो.

"बाबांनी विचारलं, मुलगा कोण," आल्बिना म्हणाली. "मी म्हटलं, मुलगा नाही, कॉलेज आहे. तर ते खालीच बसले. म्हणाले, मुलगा असता तर लग्न लावून दिलं असतं गं. कॉलेजचं मी काय करू?"

"तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मुलगा होता असं म्हटलं की लोक दोन महिने बोलतात. कॉलेज म्हटलं असतं तर पोरीचं शिक्षण तोडलं म्हणून फादर बाबांना बोलले असते, चोरून प्रवेश दिला म्हणून सिस्टरला बोलले असते. आई आजारी होती, प्लासिड. बाबांचं काय चुकलं?"

माझं काय चुकलं, हे तिने काढलं नाही. मी विचारलंही नाही. स्कूटरला तीन किका मारल्या, चौथीला चालू झाला.

शुक्रवारी अकराला आम्ही कॉलेजच्या ऑफिसात. हेडक्लार्क विनया राऊत, निर्मळच्याच, देवळाजवळच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. कापडी पाठीचं, कोपरे कसरीने खाल्लेले. एकूणऐंशी. एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा.

तुस्कानो आल्बिना थॉमस. प्रवेशाची तारीख वीस जून. बारावीची शाळा, जन्मतारीख, सगळं. शेवटचे दोन रकाने कोरे. कॉलेज सोडल्याची तारीख नाही. सोडल्याचं कारण नाही.

"कोणी दाखला न्यायलाच आलं नाही," विनयाताई म्हणाल्या. "वर्गातून नाव कमी केलं असेल, पण इथे कोणी लिहिलेलंच दिसत नाही. आल्बिनाताई, या पुस्तकाप्रमाणे तुम्ही कॉलेज सोडलेलंच नाही."

आल्बिना वाकली. चष्मा लावला. रेघेवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू उजवीकडे नेलं, कोऱ्या रकान्यापर्यंत. तिथे बोट राहिलं. बाहेर कॉमर्सच्या रांगेत भांडण चाललं होतं, पंखा खडखडत होता, आणि ही बाई त्या दोन इंच कोऱ्या जागेकडे अशी बघत होती, की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"मग आता?" मी विचारलं.

"आता आधी सोडावं लागेल. सोडल्याची तारीख पडल्याशिवाय नवीन प्रवेश देता येत नाही." विनयाताईंनी पेन उघडलं. "कारण 'स्वेच्छेने' टाकते."

"स्वेच्छेने नाही," आल्बिना म्हणाली.

"अहो, सगळ्यांचं तेच लिहितो."

"सगळ्यांचं लिहा. माझं नाही."

"वडिलांनी थांबवलं, असं लिहू?"

"नको. ते सही द्यायला आता यायचे नाहीत."

"माझं नाव लिहा," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"शेजारी."

"शेजाऱ्याला रकाना नाही, प्लासिडभाऊ." त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या. "आल्बिनाताई, तीनला माझी खिडकी बंद होते. पुढे स्टँप पेपर परत करून आणायचाय. काहीतरी सांगा."

आळीतल्या पावणेदोनशे पोरांचे रकाने भरलेली बाई, स्वतःच्या एका रकान्याशी अडून बसली. मला वाटलं, ही आता उठणार. पिशवी घेणार, घरी जाणार आणि कळ्या खुडायला लागणार, आणि त्या रजिस्टरात कायम विद्यार्थिनी राहणार. तिला तेच बरं वाटतंय की काय, अशी मला भीती वाटली.

विनयाताईंनी रजिस्टराची मागची पानं चाळली. "एक आहे. शाळेच्या दाखल्यावर असतं बघा सगळ्यांच्या. 'पुढील शिक्षणासाठी'." त्या म्हणाल्या. "चालेल? कॉलेज सोडण्याचं कारण, पुढील शिक्षणासाठी."

आल्बिनाने मान वर केली. "तारीख?"

"आजची."

"लिहा," ती म्हणाली, आणि रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. "सुवाच्य लिहा."

टायपिस्टने नवीन स्टँप पेपरवर 'प्रवेश घेतला होता, परंतु परीक्षा दिलेली नाही' असं कुरकुरत टाइप केलं. साहेबांची सही अडीचला झाली. अडीच ते तीन मी स्कूटर कसा चालवला हे पोलिसांना कळू नये. तीनला पाच कमी असताना अठराचे एकोणीस झाले.

इथे गोष्ट संपवली असती तर फादरांनी प्रवचनात घेतली असती. पण मी तिला रोज पहाटे स्कूटरवरून सोडतो. माझी फुलं बाजारात, ही कॉलेजात, अकराला परत. त्यामुळे मला पुढचंही माहीत आहे.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर अठरा पोरं उभी राहून "गुड मॉर्निंग मॅम" म्हणाली. हे तिने मला हसत सांगितलं. अभ्यास जमतो. नोट्स तर अशा काढते की आर्ट्सच्या सगळ्या पोरी झेरॉक्स करून नेतात. मधल्या सुट्टीत पोरी कँटीनला जातात, हिला विचारतात, ही "तुम्ही व्हा पुढे" म्हणते. पिशवीत घरचा डबा असतो.

ऑगस्टच्या शेवटी एकदा अकराला ती गेटवर नव्हती. सव्वाअकरा झाले. मी आत गेलो. आर्ट्सचा वर्ग तळमजल्यावर, मागे, जुन्या स्टोअररूमशेजारी. रिकामा. शिपाईबाई म्हणाली, "तुमच्या बाई वर असतात, कॉम्प्युटर रूमकडे. रोज जातात."

पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यात काचेचा दरवाजा. बाहेर बूट-चपलांची रांग, कारण आत धूळ चालत नाही. त्या रांगेत, महागड्या स्पोर्ट्स शूजच्या शेवटी आल्बिनाच्या चपला. आणि आल्बिना अनवाणी, दाराबाहेर उभी.

"आत का जात नाहीस?"

"कार्ड लागतं. आर्ट्सवाल्यांना देत नाहीत."

"मग चपला कशाला काढल्यास?"

"सगळे काढतात," ती म्हणाली.

आत पोरं-पोरी रांगेने बसलेली, तोंडावर निळा उजेड. एसीची थंड हवा दाराच्या फटीतून पायाला लागत होती.

"हाच होता एफवायबीएचा वर्ग," ती म्हणाली. "सव्वाशे जण होतो. दाटीवाटीने. मी त्या तिथे, तिसऱ्या बाकावर. फ्लॉसी म्हणून एक पापडीची मुलगी माझ्या शेजारी बसायची. तिथे खिडकी होती. फ्लॉसी रोज कोपराने ढोसायची, बघ बघ, इथून नारळांच्या मागे समुद्र दिसतो."

मी काचेला नाक लावलं. तिथे आता काळा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर एसीचं खोकं.

"दिसायचा?"

"काय माहीत." आल्बिना चपला शोधत खाली वाकली. "अकरा दिवसांत मी एकदाही बघितलं नाही. सर शिकवत असायचे ना. म्हटलं, तीन वर्षं आहेत. बघू की."

तिने चपला घातल्या. मी वह्या घ्यायला हात पुढे केला, तर तिने त्या छातीशी धरल्या, कॉलेजातल्या पोरी धरतात तशा दोन्ही हातांनी, आणि माझ्यापुढे जिना उतरायला लागली.